मांजर लिटर बॉक्सबाहेर लघवी करत असेल, तर कोणत्या क्रमाने काय करावे

मांजराने गादीवर, पायपुसण्यावर किंवा मोरीत लघवी करायला सुरुवात केली की पुष्कळ घरांत पहिल्या चार-आठ दिवसांतच सगळे उपाय एकदम करून होतात. मांजराला रागावले जाते, लिटर (बॉक्समध्ये भरायची वाळूसारखी भर) बदलले जाते, बॉक्सची जागा हलवली जाते आणि फरशी फिनाईलने पुसून काढली जाते. यातल्या पहिल्या आणि शेवटच्या गोष्टीने नुकसानच होते. मधल्या दोन गोष्टी योग्य वेळी केल्या तर उपयोगी पडतात, पण सगळे एकदम केल्यामुळे नेमके कशाने काय झाले याचा पत्ता लागत नाही. पशुवैद्याची आठवण सर्वांत शेवटी होते. ती सर्वांत आधी व्हायला हवी. म्हणून या लेखाचा भर क्रमावर आहे : आधी आजार, मग बॉक्स, मग घरातला ताण. वास काढण्याचे काम मात्र पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत चालू ठेवावे लागते.

मांजर सूड म्हणून किंवा मुद्दाम त्रास देण्यासाठी असे करते, ही समजूत सुरुवातीलाच बाजूला ठेवावी. बॉक्समध्ये जाणे त्याला दुखते, नकोसे वाटते किंवा भीतीचे वाटते, म्हणून ते दुसरी जागा शोधते. शिक्षा केल्याने यातले एकही कारण दूर होत नाही. उलट माणसांसमोर लघवी करणे धोक्याचे आहे एवढेच मांजर शिकते आणि पलंगाखाली किंवा कपाटामागे जाऊ लागते, जिथला डाग आपल्याला आठवडाभर सापडत नाही.

तयारी : हाताशी काय असावे

एक छोटी वही, एन्झाइम असलेला पाळीव प्राण्यांच्या लघवीसाठीचा क्लीनर, अतिनील प्रकाशाची छोटी टॉर्च, जुने टॉवेल, गादीवर घालायचे जलरोधक आवरण आणि एक जास्तीचा मोठा बॉक्स एवढे सामान पुरते. बॉक्स महागडा असण्याची गरज नाही. बांधकामावरचे प्लास्टिकचे मोठे, नवे घमेले पुष्कळ मांजरांना दुकानातल्या बंदिस्त बॉक्सपेक्षा अधिक आवडते, कारण ते पसरट असते आणि त्याची कड बुटकी असते.

याहून महत्त्वाची तयारी म्हणजे माहिती काढून ठेवणे. आपल्या भागात रात्री कोणता पशुवैद्यकीय दवाखाना उघडा असतो आणि तिथे मांजराला कॅथेटर घालण्याची सोय आहे का, हे आजच फोन करून विचारावे. तालुक्याच्या गावी बहुतेक दवाखान्यांचा रोख गाई-म्हशींवर असतो आणि मांजरासाठी लागणारी बारीक नळी तिथे असेलच असे नाही. ऐन वेळी शोधाशोध करण्यात जे तास जातात, त्यांचीच किंमत पुढच्या टप्प्यात सर्वांत मोठी आहे.

टप्पा १ : ही आणीबाणी आहे का, ते पाहा

हे काम काही मिनिटांचे आहे, पण ते चुकले तर जिवावर बेतू शकते. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाकडे अतिशय अरुंद असतो. स्फटिक, बारीक खडे किंवा सुजेमुळे तयार झालेला चिकट पदार्थ यांचा बोळा तिथे अडकला की लघवी पूर्ण बंद होते. मूत्राशय तुडुंब भरते, मूत्रपिंडांचे काम थांबते, रक्तातले पोटॅशियम वाढते आणि त्यामुळे हृदयाचे ठोके बिघडतात. लघवी पूर्ण अडल्यापासून एक-दोन दिवसांत मांजर दगावू शकते. नसबंदी झालेला बोकाही याला अपवाद नाही. भाटीचा मूत्रमार्ग रुंद असल्याने तिच्यात हे क्वचित घडते.

लक्षणे अशी असतात : मांजर पुन्हा पुन्हा बॉक्समध्ये किंवा फरशीवर बसते, कुंथते, पण थेंबभरच लघवी येते किंवा काहीच येत नाही, ते ओरडते, मूत्रमार्गाचे तोंड सतत चाटते, पोटाला हात लावू देत नाही, पुढे उलट्या होतात, खाणे सुटते, अंग गळते.

> सावधान : कुंथणे पाहून बद्धकोष्ठ झाले असे समजू नये आणि घरी पोट साफ होण्याचे औषध पाजू नये. पोट दाबून लघवी काढण्याचा प्रयत्न करू नये, कारण ताणलेले मूत्राशय फुटू शकते. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

> तपासणी : गेल्या बारा तासांत नेहमीच्या आकाराची लघवी कुठे तरी नक्की झाली आहे, असे तुम्ही खात्रीने सांगू शकता का? बोका कुंथत असेल आणि या प्रश्नाचे उत्तर "माहीत नाही" असेल, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

टप्पा २ : नोंद ठेवा

आणीबाणी नसेल तर पशुवैद्याची वेळ लगेच ठरवावी आणि ती येईपर्यंतचे दोन-तीन दिवस वहीत नोंद करावी. प्रत्येक वेळी सहा गोष्टी लिहाव्यात : दिवस व वेळ, जागा, पृष्ठभाग कसा होता (मऊ कापड, गुळगुळीत फरशी, माती), लघवी किती होती, मांजर कसे उभे किंवा बसलेले होते आणि त्याआधी घरात काय घडले.

यांतली उभे राहण्याची पद्धत सर्वांत बोलकी असते. पोटात लघवी साठली म्हणून करणारे मांजर खाली बसते आणि आडव्या पृष्ठभागावर मोठे थारोळे करते. हद्दीची खूण करणारे मांजर भिंतीकडे किंवा पडद्याकडे पाठ करून उभे राहते, शेपूट सरळ वर करते, शेपटाचे टोक थरथरू लागते, मागचे पाय जागच्या जागी हलतात आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर बारीक फवारा उडतो. त्याचा ओघळ खाली उतरलेला दिसतो. या फवारणीचा उपाय वेगळा आहे. ती करणारे मांजर एरवी बॉक्स नीट वापरत असते, त्यामुळे लिटर बदलत बसण्याने फारसा फरक पडत नाही. अशा मांजराच्या घरच्यांनी टप्पा ३ मधील नसबंदीचा भाग आणि टप्पा ६ अधिक लक्षपूर्वक वाचावा.

लिटर लघवी पडल्यावर गोळा होणारे असेल तर प्रत्येक वेळी निघालेल्या गोळ्यांची संख्या आणि आकारही लिहावा. निरोगी प्रौढ मांजर दिवसातून साधारण दोन ते चार वेळा लघवी करते. गोळे बारीक आणि पुष्कळ होऊ लागले तर मूत्राशयाची जळजळ, आणि नेहमीपेक्षा बरेच मोठे होऊ लागले तर मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार यांची शंका घ्यावी.

> नेहमीची चूक : घरात दोन-तीन मांजरे असताना अंदाजाने एकाला दोषी ठरवले जाते. जुना मोबाइल डागाच्या जागेकडे रोखून चित्रीकरण सुरू ठेवावे. ज्याच्यावर संशय असतो, ते पुष्कळदा दुसऱ्याला घाबरून लपलेले असते.

टप्पा ३ : पशुवैद्याकडून तपासणी

वागणूक पूर्वी नीट होती आणि अचानक बिघडली, असे असेल तर हा टप्पा वगळण्याचा विचारही करू नये. वही सोबत न्यावी. शक्य असल्यास लघवीचा नमुनाही न्यावा : बॉक्स धुऊन कोरडा करून रिकामा ठेवावा किंवा त्यात पाणी न शोषणारे, स्वच्छ धुतलेले मत्स्यालयातले खडे पसरावेत, मांजराने लघवी केली की ती स्वच्छ सिरिंजने ओढून घट्ट झाकणाच्या डबीत भरावी आणि शक्यतो तासाभरात पोचवावी. उशीर होणार असेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवावी. नमुना मिळाला नाही तरी दवाखान्यात जाणे टाळू नये; तिथे सुईने थेट मूत्राशयातून नमुना घेता येतो, आणि जंतूंच्या तपासणीसाठी तोच अधिक विश्वासार्ह असतो.

कोणते कारण संभवते ते वयावर बरेच अवलंबून असते. तरुण व मध्यम वयाच्या मांजरांत मूत्राशयाच्या त्रासाचे सर्वांत मोठे कारण म्हणजे ज्याचे निश्चित मूळ सापडत नाही असा मूत्राशयदाह, आणि त्याचा ताणाशी जवळचा संबंध असतो. जंतुसंसर्ग या वयात तुलनेने कमी आढळतो. दहा वर्षांवरच्या मांजरांत त्याचे प्रमाण वाढते. ही माहिती व्यवहारात फार उपयोगाची आहे. मूत्राशयदाहाचा झटका पुष्कळदा आठवड्याभरात आपोआप ओसरतो. त्याच सुमारास लघवी न तपासता अँटिबायोटिक दिलेले असेल तर औषधाने गुण आला असे वाटते आणि दोन महिन्यांनी त्रास परत आला की पुन्हा तेच औषध दिले जाते. म्हणून औषध सुरू करण्याआधी लघवीची तपासणी करून घेण्याचा आग्रह नम्रपणे, पण नक्की धरावा.

स्फटिक किंवा खडे सापडले तर त्यांचा प्रकार विचारावा. स्ट्रूव्हाइट प्रकारचे खडे विशिष्ट आहाराने विरघळू शकतात, कॅल्शियम ऑक्झलेटचे विरघळत नाहीत. आहार पशुवैद्याने ठरवलेलाच द्यावा आणि त्याच्या जोडीला दुसरे खाणे चालू ठेवू नये. म्हाताऱ्या मांजरात मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, थायरॉइडची वाढ आणि सांधेदुखी यांचा शोध घ्यावा लागतो. सांधेदुखी सहज नजरेतून सुटते : मांजर लंगडत नाही, फक्त उंच उड्या बंद करते आणि बॉक्सची उंच कड ओलांडणे टाळू लागते.

नसबंदी झाली नसेल तर तीही याच वेळी ठरवावी. बोक्यांपैकी दहातल्या सुमारे नऊ जणांची फवारणी नसबंदीने थांबते किंवा बरीच कमी होते. मात्र जुनी सवय सुटायला काही आठवडे लागू शकतात.

मूत्राशयाच्या बहुतेक तक्रारींत पोटात पाणी जास्त जाणे हिताचे असते. फक्त कोरडे दाणे खाणाऱ्या मांजराला हळूहळू ओल्या खाण्याकडे वळवावे आणि पाण्याची भांडी घरात दोन-तीन ठिकाणी, बॉक्सपासून दूर ठेवावीत. चिकन किंवा मासे उकडलेले पाणी देता येते, पण त्यात मीठ, मसाला, कांदा किंवा लसूण अजिबात नसावा. कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट करतात.

टप्पा ४ : जुना वास पूर्ण काढा

आपल्या नाकाला वास आला नाही म्हणजे मांजरालाही येत नाही, असे नसते. एक डाग राहिला तरी ती जागा त्याच्या लेखी लघवीचीच राहते.

१. खोलीत अंधार करून अतिनील टॉर्च फिरवावी. लघवीचे डाग फिकट पिवळसर-हिरवट चमकतात. प्रत्येक डागाभोवती खडूने वर्तुळ काढावे, कारण दिवा लावल्यावर जागा सापडत नाही. कपाटाच्या तळाकडची फळी, पलंगाचे पाय आणि फरशीच्या सांध्यांकडे विशेष लक्ष द्यावे.

२. डाग ओला असेल तर जुन्या टॉवेलने दाबून टिपावा. घासला तर तो पसरतो.

३. साध्या थंड पाण्याने धुवावे. गरम पाणी किंवा वाफ वापरू नये, त्याने कापडात वास मुरतो.

४. एन्झाइम क्लीनर लघवी जितकी खोल गेली असेल तितका खोल मुरेल एवढ्या प्रमाणात ओतावा, बाटलीवर लिहिलेला वेळ ओला राहू द्यावा आणि मग हवेवर वाळू द्यावा. वरवर फवारून लगेच पुसणे ही इथली सर्वांत सर्रास चूक आहे.

५. पूर्ण वाळल्यावर पुन्हा टॉर्चने पाहावे. जुन्या डागाला दोन-तीन वेळा हेच करावे लागते.

कापसाच्या गादीत लघवी आतपर्यंत गेली असेल तर वरून कितीही साफ केली तरी उपयोग होत नाही. खोळ धुऊन आतला कापूस बदलून घ्यावा आणि पुढचे काही महिने गादीवर जलरोधक आवरण ठेवावे. व्हिनेगर वापरायचे असेल तर ते संगमरवर, शहाबादी किंवा कोटा फरशीवर ओतू नये. हे दगड चुन्याच्या जातीचे असल्याने आम्लाने त्यांची झिलई जाते.

> सावधान : फिनाईल, डेटॉलसारखी जंतुनाशके, डांबरगोळ्या आणि सुगंधी तेले मांजराच्या वावरातून पूर्ण काढून टाकावीत. फिनॉलसारखी रसायने शरीराबाहेर टाकण्याची मांजराच्या यकृताची क्षमता फार कमी असते, आणि ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटले तरी ती पोटात जातात. अमोनिया असलेले क्लीनर लघवीसारखाच वास सोडतात. लघवीवर ब्लीच ओतल्यास त्रासदायक वायू तयार होतो.

टप्पा ५ : बॉक्स सुधारा, पण एका वेळी एकच बदल करा

आजार नाही हे कळल्यावर, किंवा त्यावर उपचार सुरू झाल्यावर, बॉक्सकडे वळावे. खालील गोष्टी याच क्रमाने तपासाव्यात, आणि जिथे बदल करावा लागेल तिथे पुढचा बदल करण्याआधी आठवडाभर थांबून वही पाहावी.

स्वच्छता. दिवसातून दोनदा स्कूपने गोळे काढावेत. आठवड्याला किंवा पंधरवड्याला सगळे लिटर टाकून बॉक्स सौम्य, बिनवासाच्या साबणाने धुवावा. फार ओरखडे पडलेला जुना प्लास्टिकचा बॉक्स धुतला तरी वास धरून ठेवतो, तो बदलावा. घरात गरोदर स्त्री असेल तर हे काम दुसऱ्याने करावे आणि रोज न चुकता करावे, कारण गर्भाला अपाय करू शकणाऱ्या टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचे बीज मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडल्यावर संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो. त्यासाठी मांजर घराबाहेर काढण्याची गरज नसते.

आकार. नाकापासून शेपटाच्या मुळापर्यंत मांजराची जेवढी लांबी, त्याच्या दीडपट बॉक्सची लांबी असावी. प्रौढ मांजरासाठी हे माप साधारण ६५ ते ७० सेंटिमीटर भरते. दुकानात मिळणारे बरेच बॉक्स याहून पुष्कळ लहान असतात. मांजर पाय आत ठेवून बसते आणि लघवी कडेबाहेर पडते, ते बॉक्स टाळत नसते. म्हाताऱ्या मांजरासाठी एका बाजूची कड ५ ते ७ सेंटिमीटरपर्यंत कापावी. झाकण काढून टाकावे. आत वास कोंडतो आणि बाहेरून कोण येते ते मांजराला दिसत नाही.

संख्या आणि जागा. जितकी मांजरे, त्याहून एक बॉक्स जास्त, आणि तेही वेगवेगळ्या ठिकाणी. शेजारी शेजारी ठेवलेले तीन बॉक्स मांजराच्या दृष्टीने एकच जागा असते. एका बेडरूमच्या घरातही निदान दोन ठिकाणे काढावीत. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये बॉक्स बहुधा ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनला खेटून ठेवला जातो. तिथले दार रात्री कुणी तरी लावते, पावसाळ्यात लिटरवर झड येते आणि मशीन अचानक घरघरू लागते. बॉक्सची जागा शांत, कोरडी, दिवसरात्र उघडी आणि खाण्यापासून दूर हवी. जागा बदलायची असेल तर नवीन जागी दुसरा बॉक्स ठेवावा, तो वापरात येईपर्यंत जुना काढू नये.

लिटर. बहुतेक मांजरांना बारीक कणांचे, गोळा होणारे, बिनवासाचे लिटर आवडते. थर सुमारे ५ सेंटिमीटर असावा. सुगंधी लिटर माणसांच्या नाकासाठी केलेले असते. पावसाळ्यात उघड्या पोत्यातले लिटर दमट होते, म्हणून ते घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. मांजराला काय आवडते ते विचारण्याचा चांगला मार्ग म्हणजे दोन सारखे बॉक्स शेजारी ठेवून त्यांत वेगवेगळे लिटर घालणे आणि आठवडाभर गोळे मोजणे.

इथे वहीतला पृष्ठभागाचा रकाना कामी येतो. मोरीत किंवा बाथरूमच्या जाळीपाशी लघवी करणारे मांजर बहुधा गुळगुळीत पृष्ठभाग निवडत असते. त्याच्यासाठी एक बॉक्स रिकामा किंवा अगदी चिमूटभर लिटर घालून ठेवावा, बाथरूमचे दार बंद ठेवावे आणि बॉक्स वापरात आल्यावर लिटर हळूहळू वाढवावे. कपड्यांच्या ढिगावर करणाऱ्यासाठी बॉक्समध्ये जुना टॉवेल अंथरावा आणि त्यावर दिवसागणिक थोडे थोडे लिटर टाकत जावे.

> तपासणी : मांजर लिटर उकरते का, लघवीवर ओढते का? कडेवर पाय ठेवून तोल सावरत करणे, पंजे झटकत धावत बाहेर येणे, लिटरऐवजी बाजूची भिंत खरवडणे ही नापसंतीची चिन्हे असू शकतात.

टप्पा ६ : घरातला ताण शोधा

वहीचा शेवटचा रकाना आता वाचावा. घर बदलणे, रंगकाम, गणपतीत आठवडाभर राहिलेले पाहुणे, दिवाळीचे फटाके, तान्हे बाळ, नवे मांजर, घरातले माणूस लांब जाणे यांपैकी काही ना काही त्या तारखांच्या आसपास सापडते. फटाक्यांच्या दिवसांत आतल्या खोलीत बॉक्स, पाणी आणि लपायला खोके ठेवून मांजराला तिथे राहू द्यावे. बाहेर ओढून काढू नये.

तळमजल्यावर आणि बैठ्या घरांत खिडकीबाहेर येणारा भटका बोका हे फवारणीचे फार मोठे कारण असते. डाग दारे-खिडक्यांजवळ असतील तर काचेच्या खालच्या भागाला अपारदर्शक कागद लावावा, खिडकीखाली खरकटे किंवा मासळीचे पाणी टाकणे थांबवावे आणि उंबऱ्याबाहेरचा वासही धुऊन काढावा.

घरातल्याच मांजरांत तेढ असेल तर मारामारी दिसेलच असे नाही. एक मांजर पॅसेजमध्ये नुसते आडवे पसरते आणि दुसरे बॉक्सपर्यंत पोचू शकत नाही. खाणे, पाणी, बॉक्स आणि उंच बसायच्या जागा वेगवेगळ्या खोल्यांत विभागाव्यात. रोज ठरलेल्या वेळी खेळ आणि खाणे दिल्याने पुष्कळ मांजरे निवतात. फेरोमोनचे (मांजराला निवांत करणाऱ्या गंधद्रव्याचे) डिफ्यूझर काही मांजरांना उपयोगी पडतात, पण बॉक्स घाण असताना ते लावणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे.

टप्पा ७ : सवय पुन्हा बसवा

वरचे सगळे करूनही मांजर जुन्याच जागी जात असेल तर त्याला काही दिवस एका लहान, हवेशीर खोलीत ठेवावे. एका टोकाला बॉक्स, दुसऱ्या टोकाला खाणे, पाणी आणि अंथरूण ठेवावे. खोलीत गादी किंवा कपड्यांचा ढीग नसावा. दिवसातून अनेकदा त्याच्याजवळ जाऊन बसावे. ही कोठडी वाटता कामा नये. सलग दहा-बारा दिवस प्रत्येक लघवी बॉक्समध्ये झाली की शेजारची एक खोली, आधी आपल्या देखरेखीखाली, उघडावी. मग दुसरी. चूक झाली तर रागावू नये, डाग साफ करावा आणि एक पायरी मागे यावे.

पूर्वी जिथे लघवी होत होती तिथे, वास पूर्ण गेल्यावर, मांजराचे खाणे किंवा झोपायची टोपली ठेवावी. जेवायच्या जागी लघवी करणे मांजर सहसा टाळते.

> नेहमीची चूक : दोन दिवस नीट गेले की सगळे घर खुले केले जाते आणि तिसऱ्या दिवशी गादी भिजते.

सहा-आठ आठवडे हा क्रम पाळूनही फरक पडला नाही, तर वही घेऊन पुन्हा पशुवैद्याकडे जावे. तीव्र ताण किंवा चिवट फवारणी यांसाठी फ्लुओक्सेटिनसारखी औषधे वापरली जातात. ती पशुवैद्याच्या सल्ल्याशिवाय सुरू करू नयेत आणि मनाने एकदम बंदही करू नयेत. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि थांबवताना मात्रा हळूहळू उतरवावी लागते. गुण आल्यावरही जास्तीचा बॉक्स लगेच उचलू नये, आणि मूत्राशयाचा त्रास एकदा झालेल्या बोक्याचे गोळे पुढेही रोज मोजत राहावे.